चौसष्ट जणांचा अर्ज आणि दुधाचा हिशोब

*ताई, नमस्कार. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. पाच वर्षं झाली. गेटवर कंपनीचं नाव, पगाराच्या चिठ्ठीवर ठेकेदाराचं. ठेकेदाराचं नाव पाच वर्षांत तीनदा बदललं, माणूस तोच. महिन्याला १५,६०० रुपये. कागदावर आठ तास, पण रोज तीन तास वर थांबावंच लागतं. त्या तासांचे पैसे पाकिटात रोख देतात, साध्या दराने. चिठ्ठीवर ते येत नाहीत. पीएफ कापतात.*

*आता आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने टाकलंय की अमेरिकेत कामगार ‘क्लास अ‍ॅक्शन’ करतात, तसा आपण ६४ जणांनी मिळून आठ कोटींचा दावा लावायचा. तो प्रत्येकी दोन हजार रुपये आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागतोय. जे मिळेल त्यातले वीस टक्के त्याचे. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तो म्हणाला, मावशी, इकडे हे खरंच होतं. पण आमचे सुपरवायझर माझे चुलत दीर आहेत, त्यांनीच मला कामाला लावलं. आणि मिस्टर म्हणतात, सही कर, पण पहिली करू नकोस. काय करू?*

*– एक वाचक, नाशिक*

ताई म्हणून लिहिलंत, म्हणून ताईसारखंच सांगते. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करायची नाही. उद्या नाही, परवा नाही, सगळ्यांनी केली तरी नाही. दोन हजार रुपयेही द्यायचे नाहीत. पण म्हणून घरी गप्प बसायचं असंही नाही. तुमचं म्हणणं खरं आहे, आणि चौसष्ट जणांनी एकत्र मागण्याची वाट आपल्याकडेही आहे. फक्त ती त्या माणसाच्या स्टॅम्पपेपरवरून जात नाही.

हा माणूस कोण, ते आधी विचारा. तो वकील असेल तर ‘मिळेल त्यातले वीस टक्के’ हा सौदा त्याला करताच येत नाही. निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. तो वकील नसेल, तर चौसष्ट जणांच्या कोऱ्या सह्या घेऊन तो काय करणार? मी सांगते काय होतं. दावा लागण्याच्या आधीच तो ठेकेदाराच्या ऑफिसात चहा पीत बसलेला असतो आणि तुमच्या सह्यांवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं टाइप झालेलं असतं. प्रत्येक माणूस असा असतो असं नाही. पण सही कोरी असेल तर तो तसा नसल्याची खात्री तुम्हाला कुठून मिळणार?

आता भाच्याचं. तो खोटं बोलत नाही. अमेरिकेत एकदोघांनी दावा लावायचा आणि त्यात हजारोंचं नाव असायचं, असे खटले चालतात. आपल्या लोकांचाही एक झाला. टाटा कन्सल्टन्सीने अमेरिकेत पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या वतीने कॅलिफोर्नियात २००६ मध्ये दावा लागला. आयकराचा परतावा कंपनीने आमच्याकडून लिहून घेतला, ही त्यातली एक मोठी तक्रार होती. कंपनीने आरोप नाकारले, पण २०१३ मध्ये प्रकरण २ कोटी ९७ लाख ५० हजार डॉलरवर मिटलं. आकडा ऐकून डोळे मोठे होतात. मधली सात वर्षं मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट भाच्याने सांगितली नसेल. ओव्हरटाइमचा त्यांचा केंद्रीय कायदा १९३८ चा आहे आणि त्याखाली एकत्र दावा करायचा तर तिथेही प्रत्येकाला लेखी संमती द्यावी लागते. सही नाही तर नाव नाही. आणि नुसती माणसं जास्त आहेत म्हणून दावा टिकतो असंही नाही. वॉलमार्टमधल्या सुमारे १५ लाख बायकांच्या वतीने पगार आणि बढतीतल्या भेदभावाचा दावा लागला होता. २०११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो एकत्रित चालवायला नकार दिला. प्रत्येक दुकानातल्या साहेबाने आपापल्या मनाने निर्णय घेतले, मग सगळ्यांना बांधणारा एक धागा कुठे आहे, असा कोर्टाचा सवाल होता. पंधरा लाखांना जे जमलं नाही ते चौसष्ट जणांना जमू शकतं, कारण तुमचा धागा एकच आहे: रोजचे तीन तास आणि साधा दर. तो धागा तुटू देऊ नका. ग्रुपवर लोक आता बोनस, गणवेश, कँटीनची डाळ, कोणाची रजा नाकारली, सगळं त्यात घालायला निघतील. घालू देऊ नका. आणि ‘आम्हाला कंपनीत कायम करा’ हे तर मुळीच नाही. ती वेगळी लढाई आहे, तिचं कोर्ट वेगळं, तिची वर्षं वेगळी. पैशाच्या अर्जात ते वाक्य आलं की कंपनीचा वकील खूश होतो, कारण मग ‘हे आमचे कामगारच नाहीत’ यावरच तारखा पडत राहतात.

आता आपल्याकडची वाट. अमेरिकन नावाचा दावा पगारासाठी इथे नाही. कंपनी कायद्यात त्याच्यासारखं एक कलम आहे, पण ते भागधारकांसाठी आणि ठेवीदारांसाठी. कामगारांना मात्र एकत्र अर्जाची सोय १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्यापासून होती. त्या कायद्याच्या जागी आलेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि ती सोय तिच्या कलम ४५ मध्ये आहे. एका आस्थापनेतल्या कितीही कामगारांसाठी एकच अर्ज चालतो. तो कामगार स्वतः करू शकतात, ज्या नोंदणीकृत युनियनचे ते सभासद आहेत ती करू शकते, किंवा सरकारी निरीक्षक करू शकतो. मुदत तीन वर्षं. जुन्या कायद्यात पगारासाठी एकच वर्ष होतं, किमान वेतनासाठी तर सहा महिने. तेव्हा ही बाजू सुधारली आहे. पण तीन वर्षं म्हणजे आरामात करू, असं नाही. प्रत्येक महिन्याची मुदत वेगळी धावते. तुम्ही एक महिना विचार करता, तेव्हा मागच्या टोकाचा एक महिना हातातून गेलेला असतो. शिवाय संहिता लागू होण्याच्या आधीच्या महिन्यांना कुठली मुदत लावायची, यावर समोरचा वकील वाद घालणारच. त्याला जितके कमी महिने वादाला मिळतील तितकं बरं.

आता तो आठ कोटींचा आकडा. मला पत्र वाचताना कुतूहल वाटलं, म्हणून पाकिटाच्या मागे हिशोब मांडला. १५,६०० भागिले २६ दिवस म्हणजे ६०० रुपये रोज. भागिले आठ म्हणजे तासाला ७५. जादा तासाला कायद्याने दुप्पट, म्हणजे १५०. तुम्हाला ७५ मिळाले, म्हणजे दर तासामागे ७५ बाकी. तीन तासांचे २२५. महिन्यात चोवीस दिवस भरले असं धरलं तर ५,४०० रुपये. वर्षाचे ६४,८००. मुदत तीन वर्षांची असली तरी हात राखून दोनच वर्षं धरली, तर १,२९,६००. ते गुणिले चौसष्ट केले तर ८२ लाख ९४ हजार ४००.

आणि याच्या दहापट केलं की आठ कोटी एकोणतीस लाख. सापडलं ना? अधिकारी बाकी रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो, असं कायद्यात आहे. ‘पर्यंत’ हा शब्द त्या माणसाने गिळला. दहापट हे शेवटचं टोक आहे. अधिकाऱ्याच्या मर्जीतली गोष्ट आहे, आणि त्या भरवशावर कोणी मुलीच्या लग्नाचा हॉल बुक करू नये. तुमचा हक्काचा आकडा एक लाख तीस हजारांच्या आसपास आहे. तोसुद्धा काही लहान नाही. तुमच्या आठ महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे.

आता मी जिथे रेंगाळणार आहे तिथे येते, कारण सगळं यावरच उभं राहतं.

मी स्वतः १९९८ मध्ये एका छापखान्यात प्रूफं वाचायची. नाव सांगत नाही, मालक आता हयात नाहीत. आम्हा सतरा जणांचा पाच महिन्यांचा पगार थकला आणि जादा तासांचा तर हिशोबच नव्हता. आम्ही एकत्र अर्ज केला. मालकाने हजेरीचं मस्टर आणलं, त्यात सगळे संध्याकाळी साडेपाचला घरी गेलेले. आमच्याकडे काय होतं? बाइंडिंगच्या एका बाईंचं कालनिर्णय. त्या दुधाचा हिशोब तारखेच्या चौकोनात लिहायच्या, तुमच्याकडेही कोणीतरी लिहीत असेलच. त्याच चौकोनात कोपऱ्यात ‘८ वा.’, ‘९॥ वा.’ असं घरी निघाल्याची वेळ. मालकाचा वकील म्हणाला, हे एका रात्रीत बसून लिहिलंय. अधिकारी पानं उलटत राहिले. कुठे निळी शाई, कुठे मुलाची रंगीत पेन्सिल. ‘दूधवाला आला नाही.’ ‘गॅस लावला.’ ‘डोस.’ मग त्यांनी एका तारखेवर बोट ठेवून विचारलं, ‘बाई, रोज अर्धा लिटर आणि इथे दीड लिटर कसं?’ बाई म्हणाल्या, ‘सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं, साहेब. त्या दिवशी मी साडेपाचलाच निघाले, बघा.’ चौकोनात वेळ नव्हतीच. अधिकाऱ्यांनी ते कॅलेंडर फाइलला लावून घेतलं.

ते दीड लिटर दूध सतरा जणांच्या कामी आलं. म्हणून सांगते, आज संध्याकाळपासून लिहा. चौसष्ट जणांनी आपापल्या घरी, आपापल्या अक्षरात, रोजच्या रोज. एकाने सगळ्यांचं लिहिलं तर ती एकाची वही झाली. मागचं आठवून आता सुंदर अक्षरात भरू नका, ते लगेच ओळखू येतं. जुनं काही असेल तर ते जसं आहे तसं बाहेर काढा: बसचा पास, मुलीच्या शाळेच्या डायरीत ‘आई उशिरा येते’ असं बाईंनी लिहिलेलं असलं तर ते, ‘आज थांबायचंय, घरी कळवा’ असे सुपरवायझरचे मेसेज. मेसेजचे नुसते फोटो काढून थांबू नका. चॅट जशीच्या तशी एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, आणि फोन बदलू नका. मोबाइलमधला पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करून देतात, तुम्ही घाबरायचं कारण नाही.

एक विचारते. पंचिंग करण्याआधी टोपी, अ‍ॅप्रन, हातमोजे, गमबूट चढवायला किती वेळ जातो? आणि सुटताना पंच केल्यावर ते उतरवून धुवायला? खाद्यपदार्थांच्या कंपनीत हा वेळ कोणी मोजत नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात टायसन फूड्सच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात तीन हजारांहून अधिक कामगारांनी नेमका याच वेळाचा दावा केला होता. कंपनीने त्या मिनिटांची नोंदच ठेवली नव्हती. मग तज्ज्ञाने कामगारांचे व्हिडिओ बघून सरासरी काढली आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पद्धत मान्य केली. आपल्याकडे याच्यासाठी आत्ताच भांडा असं मी म्हणणार नाही, तीन तासांचं आधी पदरात पडू दे. पण कॅलेंडरमध्ये गेटातून आत गेल्याची आणि गेटाबाहेर पडल्याची वेळ लिहा, पंचची नको.

आपला कायदा तर एका बाबतीत तुमच्या बाजूने जास्त सरळ आहे. पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा आला, की पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते, वेतन संहितेचं कलम ५९. मग कॅलेंडर कशाला? कारण तुम्ही त्या तासांना तिथे होतात, एवढं तरी तुमच्याकडून दिसायला हवं. त्यापुढचं त्यांनी दाखवायचं. आणि पाकिटातली रोख त्यांना चिठ्ठीवर दाखवता येत नाही, ही त्यांची अडचण आहे, तुमची नाही.

दुसरी गोष्ट नावांची. छापखान्याच्या त्या प्रकरणात पंधरा जणांचे पैसे आधी आले, दोघींचे तीन महिन्यांनी. त्यातली एक मी. मस्टरवर माझं माहेरचं नाव होतं, अर्जावर मी हौसेने सासरचं घातलं होतं, चेक एका नावाचा आला आणि बँकेतलं खातं दुसऱ्या नावाचं. हसू नका. मुंबई महानगरपालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत टिकला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं लढून तो मिळवला होता. आणि त्यानंतरही अनेकांचं कायम होणं रखडलं, कारण यादीतलं नाव आणि कागदपत्रांवरचं नाव जुळत नव्हतं. सुप्रीम कोर्टात जिंकलेली माणसं स्पेलिंगवर अडली. म्हणून तुमचा तक्ता करताना आधार, बँक पासबुक, पीएफ आणि पगाराची चिठ्ठी, चारही समोर ठेवा. फरक असेल तर ‘ऊर्फ’ लावून दोन्ही नावं लिहा. चौसष्ट ओळी, प्रत्येकाची वेगळी: नाव, कामाला लागल्याची तारीख, रोजचा दर, महिनावार जादा तास, मिळाले किती, बाकी किती. तुमचे ५,४०० आले म्हणून शेजारणीचेही तेवढेच लिहायचे नाहीत. ती बाळंतपणाला गेली होती. तिच्या त्या महिन्यांत तास दाखवलेत की सगळ्या तक्त्यावरचा विश्वास उडतो.

सामनेवाले म्हणून दोघांनाही घ्या, ठेकेदार आणि कंपनी. ठेकेदाराची तिन्ही नावं लिहा. ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हा नियम १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलाय आणि नव्या संहितेतही आहे. नाव बदलत राहण्यामागे बऱ्याचदा हाच हिशोब असतो, की जुनी फर्म बंद, आता मागा कोणाकडे. गेटवरचं नाव मात्र पाच वर्षांत बदललं नाही ना?

पीएफचं याच्यात मिसळू नका, पण पासबुक आजच उघडून बघा. तीन फर्म झाल्या म्हणजे तुमच्या एकाच यूएएनखाली (पीएफचा कायमचा क्रमांक) तीन सदस्य क्रमांक असू शकतात, तिन्हीत बघायचं. चिठ्ठीवर कपात आहे आणि पासबुकात भरणा नाही, असं निघालं तर ती तक्रार भविष्य निधी कार्यालयाकडे वेगळी जाते. पगारातून कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो. ती तक्रार एकटीही करता येते.

नोकरी जाईल का? पत्रात तुम्ही हे विचारलं नाहीत, पण प्रत्येक ओळीत तेच आहे. जाऊ शकते, खोटा धीर देणार नाही. अर्ज केल्याचा राग म्हणून काढलं तर महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, त्याखाली लेबर कोर्टात तक्रार होते. ती नव्वद दिवसांत करायची. इथे एक खाच आहे. तुम्ही ठेकेदाराच्या पगारावर आहात, तेव्हा कंपनीविरुद्ध या कायद्याखाली गेलात तर ‘आधी तुम्ही आमचे कामगार आहात हे ठरवून आणा’ असं कोर्ट सांगतं. २००१ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांपासून ते पक्कं आहे. ठेकेदाराविरुद्ध ती अडचण नाही, तो स्वतःच तुमचा मालक म्हणवतो. एकदोघांना काढणं सोपं असतं, चौसष्ट जणांना काढलं तर दिवाळीच्या ऑर्डरी कोण पॅक करणार, हा हिशोब त्यालाही कळतो. म्हणून चौसष्टातले पन्नास तरी खरे आणि ठाम असले पाहिजेत. ग्रुपवर अंगठा दाखवणारे वेगळे आणि ऑफिसात येऊन सही करणारे वेगळे.

ते फोडायला बघतील. केबिनमध्ये एकेकीला बोलावतील, दहा हजार हातात ठेवतील आणि ‘सर्व हिशोब पूर्ण, तक्रार नाही’ या कागदावर सही मागतील. पैसे गरजेचे असतात, मी कोणाला नावं ठेवणार नाही. कोणी घेतलेच तर त्या कागदाचा फोटो घ्यावा आणि मिळालेली रक्कम तक्त्यात प्रामाणिकपणे वजा दाखवावी. हक्काची देणी सोडून दिल्याचा करार कायद्याने रद्दच ठरतो, वेतन संहितेचं कलम ६०. सही झाली म्हणून त्या बाईला अर्जातून काढून टाकू नका, आणि तिच्याशी बोलणंही टाकू नका. बहुतेक प्रकरणं मोडतात ती इथे, निकालात नव्हे.

चुलत दिरांचं अवघड आहे. त्यांनी तुम्हाला नोकरी लावली, लग्नकार्यात समोर बसायचं आहे. माझं मत असं: त्यांची परवानगी मागू नका, आणि त्यांच्यापासून चोरूनही करू नका. अर्ज दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या मिस्टरांनी त्यांच्या घरी जाऊन एवढंच सांगावं की उद्या आमच्याकडून अर्ज जातोय, तुमच्याविरुद्ध नाही, ठेकेदार आणि कंपनीविरुद्ध आहे. यादी दाखवायची नाही, कोण कोण आहे ते सांगायचं नाही. चॅटचं एक्स्पोर्ट त्या आधी झालेलं असावं. दीर वाईट आहेत म्हणून नाही. वरून दट्ट्या आला तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबायला त्यांना दोन मिनिटं लागतील आणि त्यांनाही पोरंबाळं आहेत. एक मात्र त्यांना जरूर विचारा, सहज, चहावर: भाऊजी, तुम्हाला वरच्या तासांचे काय दराने देतात? मला उत्तराचा अंदाज आहे.

जायचं कुठे? नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात दोघीतिघी जा आणि वेतन संहितेखालचे दावे ऐकणारे अधिकारी कोण, एवढं विचारून या. अर्ज त्यांच्याच नावाने करायचा. दिलात की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, बाबूंनी ‘नंतर देतो’ म्हटलं तरी. वकिलासाठी दोन हजार गोळा करायची गरज नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, औद्योगिक कामगारांनाही मिळतो, उत्पन्नाची अट दोघांनाही नाही. तुम्ही दोन्हीत बसता. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००. मोफतचा वकील हलका असतो असं लोक म्हणतात. काही असतात. पैसे घेणारेही काही असतात. तक्ता नीट असेल तर साधा वकीलही प्रकरण नीट चालवतो. युनियनमधून जायचं असेल तर नोंदणी क्रमांक बघा आणि वर्गणीची पावती घ्या. पावती न देणाऱ्या युनियनमध्ये मी बावीस वर्षांत एकदाही काही चांगलं घडलेलं बघितलं नाही.

कायदा म्हणतो, अधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. तुम्ही मनात वर्ष-दीड वर्ष धरून चाला, अपील झालं तर आणखी. आदेश झाल्यावरही त्यांनी भरले नाहीत तर वसुलीचा दाखला कलेक्टरकडे जातो आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली होते. तोवर घरखर्च या पैशावर अवलंबून ठेवू नका.

राहिलं मिस्टरांचं. सही कर पण पहिली नको, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पहिल्या नावाला सगळे ‘पुढारी’ म्हणतात आणि पहिली गाडी त्याच्यावरच येते. आम्ही छापखान्यात नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने लावली होती, सह्याही त्याच क्रमाने. अहिरे वर आले, त्याला कोणाचा काही इलाज नव्हता, आणि मालकालाही ते दिसत होतं. तुम्ही तसंच करा. तुमचं आडनाव पत्राखाली आहे, मी छापत नाही, पण ते ‘श’वरून सुरू होतं. म्हणजे यादीत तुम्ही अगदी खाली येता.

– ताई